बाप कोणता? खिलार वळूच्या निवडीचा आढावा

पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरली की आटपाडी तालुक्यातल्या त्या माळावर खिलार जनावरांच्या दावणी लागतात. गिऱ्हाईक खोंडाला समोरून पाहतं, मागून पाहतं, जबडा उघडून दात मोजतं, चार पावलं चालवून खुरांची टाप बघतं. मग रुमालाखाली हातात हात जातो आणि बोटांनी भाव ठरतो. या सगळ्या सोपस्कारात एक प्रश्न हमखास येतो, 'कुठल्या वळूचा?' उत्तरही हमखास येतं, आणि ते बहुतेक वेळा परिसरातल्या एखाद्या नामांकित वळूचंच नाव असतं. त्या नावाला आधार काय, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण आधार दाखवायला कुणाकडेच कागद नसतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडचे माण, खटाव, आटपाडी, जत आणि त्यांना लागून सोलापूरचे सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हे खिलारचं माहेर. इथे बैल दोन कामांसाठी जोपासला गेला. एक नांगर, कुळव, मोट आणि गाडी ओढण्यासाठी, दुसरं पळवण्यासाठी. घोड्यांच्या जगात ओढीचा घोडा आणि शर्यतीचा घोडा यांच्या वाटा कधीच वेगळ्या झाल्या. खिलारमध्ये त्या अजून एकाच गोठ्यात आहेत. त्यामुळे गायीला कोणता वळू दाखवायचा, हा प्रश्न इथे घोडेवाल्यापेक्षा अवघड होतो.

घोडेवाल्याकडे आधी वही आली. इंग्लंडात जनरल स्टड बुकचा प्रास्ताविक खंड १७९१ मध्ये निघाला. आजच्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याची बापाकडून बापाकडे जाणारी रेषा डार्ली अरेबियन, बायर्ली टर्क आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकाशी जाऊन थांबते. पुण्याच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्याचं कूळही त्याच साखळीत बसतं. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा घोडीवर प्रत्यक्ष चढला पाहिजे, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. आणि वळूघोड्याची किंमत तो स्वतः किती पळाला यावर सुरुवातीची एकदोन वर्षंच टिकते. पुढे त्याची पोरं किती जिंकली, हेच पाहिलं जातं. अनेक मोठे विजेते बाप म्हणून सपशेल पडले आणि मैदानात मधलेच ठरलेले काही घोडे पैदाशीत थोर निघाले.

याला शास्त्राचाही दुजोरा आहे. १९८८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने थरोब्रेडच्या पळण्याच्या गुणवत्तेतला ढोबळ मानाने तिसरा हिस्सा आनुवंशिक असल्याचं मांडलं. उरलेलं सगळं खुराक, सराव, हाताळणी, जॉकी आणि नशीब यांचं. हा हिशोब शेकडो वर्षांच्या नोंदी असलेल्या जातीचा आहे. ज्या जातीत नोंदीच नाहीत, तिथे 'हा पळतो म्हणजे याची पोरं पळणार' हे वाक्य किती जपून बोलायला हवं, याचा अंदाज यावरून यावा.

खिलारची गोष्ट संस्थानांच्या आश्रयाने पुढे सरकली. या जातीचं नातं म्हैसूरकडच्या हल्लीकर आणि अमृतमहाल जनावरांशी सांगितलं जातं. बांधा, कपाळ आणि शिंगांची ठेवण पाहिली तर ते पटतं. आटपाडी हा औंध संस्थानाचा मुलूख, जत हे डफळ्यांचं वेगळं संस्थान. संस्थानिकांच्या आवडीने आणि थिलारी धनगरांच्या कळपांमुळे आटपाडी महाल, म्हसवड, हणम असे खिलारचे प्रकार नावारूपाला आले. थिलाऱ्यांकडे गायींचे कळप असत, शेतकरी त्यांच्याकडून खोंड विकत घेई. म्हणजे वळूची निवड करणारा एक आणि बैल वापरणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. थिलाऱ्याला आपल्या कळपातल्या कुठल्या गायीचे खोंड कुठल्या गावात कसे चालले, हे ठाऊक असे, कारण पुढच्या वर्षी तोच गिऱ्हाईक पुन्हा दारात उभा राहत असे. ही तोंडी वही होती. ती त्या भटक्या कळपांबरोबर विरली.

आता मुळातला पेच. कामाचा बैल खच्ची केलेला असतो. खिलार खोंड दोन ते चार दाती झाला की, म्हणजे अडीच-तीन वर्षांच्या पुढे, वशिंड आणि खांदा भरल्यावर चिमट्याने खच्ची केला जातो आणि मग औताला जुंपला जातो. त्याची खरी परीक्षा होते ती त्यानंतरच्या दहा वर्षांत. उन्हात किती तास टिकतो, रान ओलं असताना दम धरतो का, गाडी चढाला लागली की बसतो की जोर लावतो, जोडीदाराला ढकलतो का, पोराबाळांच्या हातून कासरा धरू देतो का, हे सगळं कळेपर्यंत तो बाप व्हायच्या लायकीचाच उरलेला नसतो. जिल्ह्यातला सर्वांत कष्टाळू, सर्वांत शहाणा बैल हा वंशाच्या दृष्टीने शून्य. वळू म्हणून जो राखला जातो त्याने बहुधा आयुष्यात कधी नांगर ओढलेला नसतो. कामाच्या जातीत बाप निवडायचा तर तो अशा जनावरातून, ज्याने काम केलेलंच नाही.

जुन्या जाणत्यांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे अंगलक्षणं. तोंड लांबट, कपाळाच्या मध्ये खोलगट रेघ, शिंगं मुळाशी जवळ, मागे जाऊन धनुष्यासारखी वर उचललेली. कातडी पातळ आणि अंगाला चिकटलेली, केस आखूड आणि चमकदार, गळ्याखालची पोळी लहान, पोटाखालची कातडी लोंबती नको. पाय सरळ, खूर काळे, घट्ट आणि फटी नसलेले. यातलं बरंचसं उगाच नाही. माणदेशातल्या खडकाळ माळावर पांढरा, मऊ खूर लवकर झिजतो. लोंबती कातडी काट्याकुट्यात फाटते. पातळ कातडी आणि आखूड केस उन्हात अंग लवकर थंड होऊ देतात. वासराच्या देहावर पुढच्या कामाच्या खुणा वाचायची ही रीत होती आणि ती अनुभवातून आली होती.

पण त्याच यादीत भोवरे आणि गोमही आहेत. अंगावरच्या केसांचा एखादा भोवरा चुकीच्या जागी निघाला तर उत्तम बांध्याचं खोंड दावणीवरच पडून राहतं आणि भोवरा शुभ ठरला तर खुरात खोट असलेलं खोंडही खपतं. केस कुठल्या दिशेने वळले याचा आणि गाडी ओढण्याचा संबंध कुणाला दाखवता आलेला नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या गोठ्यापुरता हा शौक जपला तर कुणाचं बिघडत नाही. वळू निवडताना तो पाळला तर मात्र चांगलं रक्त केवळ केसांपायी बाद होतं आणि त्याची भरपाई पुढच्या पिढीत करता येत नाही. रंगाचंही तेच. कोसा हवा, काजळी हवी, शुभ्रच हवा, हा आग्रह जत्रेतल्या प्रदर्शनात शोभतो. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो की कऱ्हाडचं यशवंतराव चव्हाण कृषी प्रदर्शन, तिथे आदत (अजून दुधाचे दात असलेली), दोनदाती, चारदाती असे गट पाडून जनावरं उभी केली जातात आणि परीक्षक देखणेपणाला गुण देतात. उभ्या जनावराची परीक्षा तेवढीच होऊ शकते. अडचण तेव्हा येते, जेव्हा तिथे मिळालेला बिल्ला पुढे वळूच्या जाहिरातीवर झळकतो.

शर्यतीने या पेचातून एक वाट काढली. मैदानात खच्ची न केलेली जनावरंही पळतात आणि कोवळ्या वयात पळतात. खोंडाने आपला वेग दाखवला तर त्याचं पौरुष शाबूत असतानाच दाखवला जातो. नांगराला जे जमलं नाही ते छकड्याला, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीला, जमतं. बापाची परीक्षा तो बाप होण्याआधी होते.

ही वाट मधल्या काळात बंद होती. ११ जुलै २०११ रोजी केंद्राने अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळ आणि प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही थांबवल्या. बैलाचं शरीर घोड्यासारखं पळण्यासाठी घडलेलं नाही, हा त्या निकालातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले आणि बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांची समिती नेमून अहवालही घेतला. प्रकरण तरीही न्यायालयात अडकून राहिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावात बंदी मोडून शर्यत घेण्याचं आंदोलन झालं, तेव्हा पोलिसांचा वेढा आणि उखडलेली धावपट्टी या बातम्या राज्यभर गाजल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

बंदीच्या त्या वर्षांत ट्रॅक्टर गावोगाव पोचला. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तिथे डाळिंब आणि ऊस आला, गोठ्यात जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरित गायी आल्या. खिलार गाय एका वेतात जेमतेम चार-पाचशे लिटर दूध देते, त्यावर डेअरीचं पासबुक भरत नाही. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला मिळणारा भाव गेला. कामाला ट्रॅक्टर, दुधाला संकरित गाय, शर्यतीला बंदी. खिलार खोंड राखायचं ते कशासाठी? त्यामुळे शर्यतीच्या बाजूने बोलणारे जेव्हा 'शर्यत बंद झाली तर जात संपेल' म्हणतात, तेव्हा त्यात अतिशयोक्ती असली तरी खोटेपणा नसतो. २०२१ नंतर खोंडांचे भाव लाखांत गेले, बकासूर आणि मथुर ही बैलांची नावं शाळकरी पोरांच्या तोंडी आली आणि बक्षिसात मोटारी आल्या. वळूमालकांच्या दारात गायी घेऊन आलेल्या टेम्पोंच्या रांगा लागल्या.

इथेच थांबून विचारायला हवं, की मैदान नेमकं काय मोजतं? नियमाप्रमाणे धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब असता कामा नये आणि छकड्याच्या मैदानात प्रत्यक्ष पळ त्याहून पुष्कळ कमी असतो. काही सेकंदांत निकाल लागतो. जे मोजलं जातं ते सुटण्याची चपळाई आणि अल्पकाळचा स्फोटक वेग. नांगराला लागतो तो संथ, तासन्‌तास टिकणारा जोर. घोड्यांत हा फरक एका जनुकापर्यंत जाऊन पोचला आहे. डब्लिनच्या एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाचा एक प्रकार असलेली घोडी-घोडे कमी अंतरात चमकतात आणि दुसरा प्रकार असलेली लांब पल्ल्यात. खिलारसाठी अशी चाचणी बाजारात नाही. पण प्राणिशरीराचा नियम एका जातीपुरता नसतो. केवळ छकड्याच्या मैदानावरून वळू निवडत गेलं, तर दहा-पंधरा वर्षांत औताचा दम कमी झालेला आढळला तर नवल वाटायला नको. सांगली-कोल्हापूरकडच्या आरत-परत शर्यतीत जनावर जाऊन वळून परत येतं, तिथे निदान दमाची थोडी कसोटी लागते.

दुसरी गोष्ट, बैल एकटा पळत नाही. जुवाखाली दोघं असतात. चांगल्या जोडीदारामुळे मधलं खोंड फायनलला पोचतं आणि वाईट जोडीदारामुळे उत्तम खोंड गटातच बाद होतं. पैरा जुळवणं, म्हणजे दोन वेगवेगळ्या मालकांचे बैल एका मैदानापुरते एकत्र जुंपणं, ही शौकिनांची रोजची विद्या आहे. 'एक आदत एक बैल' अशा मैदानात तर कोवळं खोंड आणि पुरता बैल एकत्र पळतात. मग जिंकलं कोण? वर ड्रायव्हरचा हात आहे, सुट्टीचा क्षण आहे, धावपट्टीची कुठली बाजू मिळाली हा भाग आहे. वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर, वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या हाती, वर्षभरात अनेक मैदानांत जो बैल सातत्याने पुढे राहिला त्याच्या गुणाला काही अर्थ आहे. एका मोठ्या बक्षिसाच्या व्हिडिओला तेवढा नाही.

तिसरी गोष्ट रक्ताची. सांगलीच्या मैदानांत पळणारी सगळीच जनावरं खिलार नसतात. कर्नाटकातून आणलेली हल्लीकर वळणाची, इथल्या भाषेत म्हैसुरी, खोंडं भरपूर आहेत आणि ती पळायला उत्तम आहेत. त्यांचा वळू म्हणून वापरही होतो. शर्यतीच्या मालकाला त्यात वावगं वाटत नाही आणि नात्याने दोन्ही जाती लांबच्या नाहीत. मात्र त्याच वासराला बाजारात 'जातिवंत खिलार' म्हणून उभं केलं जातं, तेव्हा गाय पाळणाऱ्याची फसवणूक होते.

या साऱ्या गोंगाटात गाय कुठेच नसते. गावातल्या चर्चेत वळूची सात पिढ्यांची कथा ऐकू येते आणि ज्या गायीने खोंड दिलं तिची ओळख 'घरचीच होती' एवढ्यावर संपते. खरं तर नर वासराचं एक्स गुणसूत्र पूर्णपणे आईकडून येतं. पेशीतली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉण्ड्रियाही आईचीच. उरलेल्या गुणसूत्रांतला निम्मा वाटा तिचा. वळूचं एक्स गुणसूत्र त्याच्या मुलींना जातं आणि त्यांच्यामार्फत नातवांपर्यंत पोचू शकतं, मुलाला ते कधीच मिळत नाही. त्यामुळे वळूची पारख करताना त्याची आई उभी असेल तर आधी तिच्या दावणीशी जावं. ती किती वेळा व्याली, दोन वेतांत किती अंतर पडलं, तिची आधीची खोंडं कुठे गेली आणि तिथे कशी चालली, कास आणि खूर कसे आहेत, माणसाला मारते का. वळूच्या तोंडावरून जे कळत नाही ते त्याच्या भावांवरून कळतं, आणि भाऊ खच्ची होऊन औताला लागलेले असतील तर उत्तमच. जो पेच वर सांगितला त्याची खरी किल्ली तिथेच आहे. नांगरणारा बैल स्वतः बाप होऊ शकत नसला, तरी त्याचा सख्खा भाऊ होऊ शकतो.

आईनंतर पोरं. वळू तीन वर्षांचा असताना गायींवर सोडला, गाय साडेनऊ महिन्यांनी व्याली, खोंड आदत म्हणून पळू लागलं किंवा गाडीला शिकू लागलं, तोवर वळू सहा-सात वर्षांचा झालेला असतो. तेव्हा त्याची वीस-पंचवीस वासरं चार गावांत फिरून पाहता येतात. त्यात किती तापट निघाली, किती पायांत वाकडी, किती सुस्त, हे मोजलं की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो. नेमक्या या वयात मालक वळू विकायला काढतो, कारण जनावर जड झालं आणि गिऱ्हाइकाला नवा, गाजणारा वळू हवा असतो. ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त माहिती आहे तो बाजारात जातो आणि ज्याच्याबद्दल काहीच माहिती नाही त्याच्यासाठी रांग लागते.

गोठवलेलं रेत इथे उपयोगी पडलं असतं. पाव मिलिलिटरच्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतात. वळू मेला तरी त्याची निवड उलटून तपासता येते. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ खिलारच्या रेतमात्रा पुरवतं. रेतकेंद्रावरच्या वळूची क्षय, ब्रुसेलोसिस, आयबीआर, ट्रायकोमोनास यांसाठी ठरावीक काळाने तपासणी होते. गावच्या वळूची अशी तपासणी जवळपास कुणीच करत नाही आणि एक बाधित वळू हंगामात किती गायी नासवू शकतो, हे पशुवैद्यक जाणतात. २०२२ च्या लम्पीच्या साथीत बाजार आणि शर्यती बंद झाल्या, तेव्हा निदान ही जनावरं किती फिरतात हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

तरीही खिलारवाला कांडीकडे संशयाने बघतो, आणि त्याचं सगळंच म्हणणं मोडीत काढता येत नाही. 'वळू डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाय भरवायची कशी?' हा त्याचा सवाल आहे. कांडीवर वळूचा क्रमांक असतो. त्याच्या पळण्याची, ओढीची, स्वभावाची एक ओळही नसते. पैदास केंद्रांनी वळू निवडले ते बहुतांशी आईच्या दुधावर आणि बांध्यावर, कारण दूध मोजता येतं. त्यात भर म्हणून आता नव्वद टक्के कालवडी देणाऱ्या लिंगनिर्धारित रेतमात्रांचा प्रसार सुरू आहे. दूधवाल्याला ते वरदान. खिलारवाल्याला हवं असतं खोंड.

नात्यातल्या पैदाशीचा धोका मात्र दोन्हीकडे आहे. देवाच्या नावाने सोडलेला वळू गावात आठ-दहा वर्षं फिरला तर त्याच्याच लेकी त्याच्यासमोर येतात. गाजलेल्या शर्यतीच्या वळूबाबत हेच तालुक्याच्या पातळीवर घडू लागलं आहे. एकाच नावासाठी माण, खटाव, कडेगाव, खानापूरच्या गायी धावत असतील, तर पाच-सात वर्षांनी त्या भागातली अर्धी खोंडं आणि कालवडी एकमेकांची सावत्र भावंडं होतील आणि कुणाला ते कळणारही नाही. जुन्या मुंबई प्रांतात १९३३ च्या पशुसुधारणा कायद्याने वळूला परवाना लागे आणि निकृष्ट वळू खच्ची करण्याचा अधिकार सरकारला होता. तो हेतू चांगला होता, पण सरकारी शिक्का म्हणजे वंशावळ नव्हे. वंशावळ मालकांनीच ठेवावी लागते, जशी ती घोडेवाल्यांनी ठेवली.

साधन आता हाताशी आहे. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. मैदानावर येणाऱ्या बैलाची पशुवैद्यकीय तपासणी नियमाने करावीच लागते. त्या वेळी बिल्ल्याचा क्रमांक, गट, जोडीदाराचा क्रमांक आणि निकाल एवढं आयोजकांनी वहीत उतरवलं, आणि वळूमालकाने ज्या गायी भरवल्या त्यांचे क्रमांक लिहून ठेवले, तर पाच वर्षांत कोणत्या वळूची किती पोरं कुठवर पोचली हे सांगता येईल. आज गावच्या वळूपासून झालेल्या वासराच्या नोंदीत बापाचा रकाना बहुधा मोकळा असतो. तो भरायला खर्च काही नाही. अडचण एवढीच, की तो भरला तर काही नामांकित वळूंच्या दारातली रांग कमी होईल, आणि वही सुरू करायची तर सुरुवात त्याच दारांपासून करावी लागेल.